खाट पाच, रकाना पाच

०

शून्य क्रमांकाच्या रकान्यात फक्त वेळ असते. एकाखाली एक मिनिटं, कुठेही खंड नाही. त्याच्या उजवीकडे खाटांचे रकाने. खाट एक, रकाना एक. खाट दोन, रकाना दोन. वॉर्डात सहा खाटा होत्या, तक्त्यात सहा रकाने. तो तक्ता तिनेच बांधला होता आणि तेव्हा तिला बरं वाटलं होतं, की ओढूनताणून काही जुळवावं लागलं नाही.

तिची खोली हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून. भिंतीपलीकडे चादरी पिळणारी यंत्रं फिरायला लागली की टेबलावरच्या कपात चमचा वाजायचा. काम असं: जी माणसं जागी होत नाहीत त्यांच्या वॉर्डात प्रत्येक गादीखाली एक पट्टी असते. पट्टीला दाब कळतो. वरचा माणूस किंचित हलला तरी दाब बदलतो. रात्रभराचे आकडे तळघरात येतात, तिचा प्रोग्राम त्यातून प्रत्येक खाटेचा एक कागद काढतो आणि सकाळी ते कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जातात.

खाट पाचवर तिचे वडील होते.

नोकरी आधीची, वडील नंतरचे. आई म्हणायची, तू इथे आहेस म्हणून तरी खाट मिळाली. जणू तिने रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती.

१

*रकाना नावाने किंवा क्रमांकाने मागावा. संदर्भानुसार योग्य तो रकाना परत मिळतो.*

हे वाक्य लायब्ररीच्या माहितीतलं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणीतरी कुठेतरी आयता लिहून ठेवलेला कोड, जो बाकीचे आपापल्या प्रोग्रामात बोलावून घेतात. ही लायब्ररी तक्त्यांची होती. योग्य म्हणजे कोणाच्या मते योग्य, ते लिहिलेलं नव्हतं. वाक्याखाली एक उदाहरण होतं, हवामानाचा छोटासा तक्ता, आणि त्यात जे मागितलं तेच मिळत होतं. उदाहरणं पाहुण्यांसमोरच्या पोरांसारखी असतात. तेवढ्यापुरती शहाणी.

तिने पाच मागितला होता, पाच मिळाला होता. ते वाक्य पुन्हा वाचायचं कारण पडलं नाही.

मग खाट चारवरचे बँडमास्तर गेले. खाट ढकलत स्टोअरमध्ये नेली, भिंतीवर रंगवलेला चारचा आकडा राहिला. पट्टी गुंडाळून ठेवली, पण तिची वायर कोणी काढली नाही. पट्टीवर दाब नाही म्हणजे पेशंट खाली पडला असणार, एवढंच यंत्राला कळत होतं, म्हणून ते नर्सच्या टेबलावरचा फोन वाजवायचं. नर्स उचलायची, ठेवायची. ते पुन्हा वाजवायचं.

शेवटी मेट्रनबाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या. त्या बसल्या नाहीत.

"मेलेला माणूस रोज पडतोय माझ्या वॉर्डात," त्या म्हणाल्या. "उचलायला कोणाला पाठवू?"

तिने तक्त्यातून रकाना चार काढून टाकला. एका ओळीचं काम. चारचा कागद छापू नये असंही प्रोग्रामला सांगितलं. फोन थांबला. मेट्रनबाईंनी दुसऱ्या दिवशी वरून बिस्किटाचा पुडा पाठवला. तो अजून तिच्या खणात आहे.

त्याच आठवड्यात खाट पाचचा कागद बदलला.

२

तोवर वडिलांचा कागद म्हणजे एक सरळ रेघ. मध्ये दोन पायऱ्या, नर्सने कूस बदलून दिली त्याच्या. आता पहाटेच्या सुमाराला उजव्या बाजूला बारीक लाट दिसायला लागली. रोज. डॉक्टरीणबाईंनी कागद खिडकीच्या काचेला लावून बघितला आणि म्हणाल्या, हे बाहेरून कोणी हलवल्याचं नाही, आतून आहे. हात असावा.

आईने हे सगळ्यांना सांगितलं. भावाला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला. दुसऱ्या शहरातला भाऊ, ज्याचा फोन महिन्याकाठी यायचा, तो रोज सकाळी करायला लागला. आज हलले का, असं विचारायचा, स्कोअर विचारतात तसं. आईने एक मऊ रबरी चेंडू आणून वडिलांच्या उजव्या तळव्यात ठेवला आणि बोटं त्याच्याभोवती मिटवली. पहाटे वॉर्डात थांबू द्या, असं तिने विचारून पाहिलं. नियमात बसत नव्हतं. रात्रपाळीच्या नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, असेल, हलला असेल, मला पाच जणांचं बघायचं असतं.

आणि ती? तिने लाट पाहिली, कागद क्रमाने लावला, वर पाठवला. आनंद होईल म्हणून थोडं थांबून पाहिलं, थांब्यावर बस येईल म्हणून थांबतात तसं. मग जेवणाची सुट्टी झाली.

वरच्या मजल्यावर एक वॉर्ड आहे. तिथे माणसांना बसवतात, उभं करतात, गिळायला शिकवतात. सगळे त्याला वरचा वॉर्ड म्हणतात. ज्याच्या कागदावर स्वतःची हालचाल दिसते, त्यालाच तिकडे नेतात. बाकीच्यांना मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीत गेलेल्यांचे नातेवाईक आधी वर्तमानपत्र आणायचं बंद करतात, मग यायचं. वरच्या वॉर्डात एकच जागा रिकामी होणार होती, येत्या सोमवारी. ती वडिलांना द्यायचं ठरलं.

खाट सहा शेवटची, खिडकीजवळची. तिच्यावर बँडमास्तर गेले त्याच आठवड्यात आणलेला एक ट्रक चालवणारा माणूस होता. त्याची बायको शिलाईचं काम करायची आणि भेटीच्या वेळात त्याच्याजवळ बसून शर्टांना काजं करायची. खाट सहाच्या कागदावर रोज दोनच शब्द यायचे: नोंद नाही. बायकोला सांगितलं होतं, पट्टी बिघडली आहे. पण कागदच नाही तर माणसाला वर कशाच्या आधारावर पाठवणार? सोमवारनंतर मागची इमारत, असंही सांगितलं होतं.

एकदा ती बाई तळघरापर्यंत आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, नवी पट्टी मागवा ना. तुमच्या हातात असेल तर."

मागवली आहे, असं तिने सांगितलं. ते खरं होतं.

आईचं आणि त्या बाईचं चांगलं जमायचं. एकाच थर्मासमधला चहा दोघी प्यायच्या. आई पहाटेच्या हाताबद्दल सांगायला सुरुवात करायची आणि अर्ध्यावर विषय बदलायची, भाजी महाग झाली वगैरे. ती मान खाली घालून काजं करत राहायची आणि म्हणायची, सांगा हो काकू, ऐकायला बरं वाटतं.

३

सोमवारच्या आधीचा गुरुवार. हॉस्पिटलचा वायरवाला तळघरात आला. माणूस लठ्ठ, कमरेला हत्यारांचा पट्टा. तो आत आला की पट्टा आधी यायचा.

"गादी बदलली," तो म्हणाला. "पट्टी बदलली. वायर बदलली. आता सहा नंबरचा पेशंट बदलायचा तेवढा राहिलाय."

तिने विचारलं, तरी येत नाही?

"मला येतंय की." त्याने हातातलं छोटं मशीन तिच्यापुढे धरलं. त्याने सहाच्या गादीच्या कोपऱ्यात मूठ दाबून पाहिली होती, आकडा टुणकन वर गेला होता. मूठ काढल्यावर खाली आला होता. सगळं जसं हवं तसं. "माझ्याकडून निघतंय. तुमच्याकडे पोचताना कुठे जातं, ते तुम्ही बघा. नाचता येईना अंगण वाकडं, आणि शिव्या माझ्या पट्टीला."

तो गेल्यावर तिने लायब्ररीची माहिती उघडली. तेच वाक्य. संदर्भानुसार योग्य तो रकाना. तिने ते तीनदा वाचलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग असे प्रश्न जिथे लोक एकमेकांना विचारतात, तिथे शोधलं. कोणीतरी फार पूर्वी विचारलेला सापडला.

— क्रमांक दिला की लायब्ररी रकान्याचं नाव बघते की जागा?

— माहितीत सगळं आहे. आधी वाचत जा.

— वाचलं. म्हणूनच विचारतोय.

— मलाही हाच प्रश्न आहे.

— मलाही.

— सुटलं. धन्यवाद.

हे शेवटचं, मूळ विचारणाऱ्याचं. कसं सुटलं, ते त्याने लिहिलं नव्हतं. त्याखाली कोणीच काही लिहिलं नव्हतं.

तिने एक खोटा तक्ता बनवला. वेळेचा रकाना आणि सहा खाटा. पहिल्या खाटेत सगळे एक भरले, दुसरीत सगळे दोन, असं सहापर्यंत. पाच मागितला. पाच आले. मग रकाना चार काढून टाकला आणि पुन्हा पाच मागितला.

सगळे सहा आले.

लायब्ररी नाव बघत नव्हती. डावीकडून मोजत होती. वेळ शून्यावर, म्हणून खाट एक पहिल्या जागेवर, खाट दोन दुसऱ्या. सगळे आपापल्या जागी होते तोवर नाव आणि जागा यांत फरकच नव्हता, म्हणून तो कोणाला दिसला नाही. चार काढल्यावर वडील एक जागा डावीकडे सरकले, चौथ्या जागेवर. सहाचा माणूस पाचव्या जागेवर आला. सहाव्या जागेवर कोणी उरलं नाही. आणि जिथे कोणी नाही तिथे अडून न बसता नोंद नाही असं लिहून पुढे जावं, ही सूचना तिनेच घातली होती, कारण पट्ट्या नेहमी बिघडायच्या. चारचा कागद छापू नये, ही सूचनाही तिचीच. वडिलांचे आकडे रोज तळघरात येत होते आणि कुठल्याच कागदावर उतरत नव्हते.

पहाटे हलत होता तो सहा नंबरचा हात.

भिंतीपलीकडचं यंत्र थांबलं. चमचाही थांबला. तिने तो कपातून काढून बशीत ठेवला.

५

*रकाना नेमका नावानेच हवा असल्यास त्यासाठी वेगळी सोय आहे (पाहा: इतर).*

हे त्याच पानाच्या अगदी तळाशी होतं.

तिने वडिलांचा रकाना नावाने मागितला. आला. बँडमास्तर गेल्यापासूनच्या सगळ्या रात्री तिने एकेक करून उघडल्या. रेघ. दोन पायऱ्या. रेघ. पहाटेच्या जागी रेघ. चेंडू ठेवल्यानंतरच्या रात्रींतही रेघ.

रात्री संपल्या तरी ती खाली सरकवत राहिली. दिवसाचे आकडे कोणी छापत नाही. दिवसा नर्सा, डॉक्टर, अंघोळ, औषधं, सगळ्यांचे हात लागतात. त्यातून काही कळत नाही. पण संध्याकाळी एका ठिकाणी दाब एकदम वर गेला होता. वर जाऊन तिथेच थांबला होता, आणि त्या उंचीवर एक बारीक, सारखी थरथर होती. मग दाब खाली. आदल्या संध्याकाळीही तसंच. त्याच्या आदल्याही.

तिने शून्याच्या रकान्यात वेळ पाहिली.

वेळ भेटीची होती. भेटायला येणाऱ्यांनी खाटेवर बसू नये, स्टूल वापरावं, अशी पाटी वॉर्डाच्या दाराला आहे. आई खाटेवर बसत होती आणि वडिलांचे पाय चेपत होती.

भाऊ त्या दिवशी सकाळी फोन करायचा विसरला होता, त्याचा फोन दुपारी आला. आज हलले का? तिने त्याला सगळं सांगितलं, आधी चार, मग पाच, मग सहा, त्याला समजेल अशा क्रमाने. त्याच्याकडे कुठेतरी दार आपटलं.

मग तो समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. सोमवार चार दिवसांवर आहे. बाबांना वर जाऊ दे. मंगळवारी दुरुस्त कर काय ते. वर गेल्यावर हलतीलही, तिथे हलवायलाच नेतात ना. त्या दुसऱ्यांचं पुढच्या वेळी होईल. जागा काय, पुन्हा रिकाम्या होतातच.

मागच्या इमारतीतून वर कोणी येत नाही, असं तिने सांगितलं.

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तू मुलगी आहेस की मशीन?"

तिने त्यावर खरंच विचार केला. उत्तर सापडेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

प्रोग्रामातली ओळ बदलायला काहीच वेळ लागला नाही. क्रमांकाच्या जागी नाव. मग तिने त्या सगळ्या रात्रींचे कागद पुन्हा काढले. प्रिंटरमधून ते गरम गरम बाहेर आले. पाच नंबरचा सपाट, सहा नंबरचा लाटेचा. गठ्ठा छातीशी धरून ती जिना चढली. लिफ्टसमोर स्ट्रेचर होतं.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी काचेला लावला. खात्री आहे का, असं विचारलं. तिने आहे म्हटलं. पुन्हा विचारलं. तिने लायब्ररीचं ते वाक्य वाचून दाखवलं, मग पानाच्या तळाचं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, पण त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, खाट पाचवर तुमचे वडील आहेत ना? हो, म्हणाली.

"बसा जरा."

ती बसली नाही. डॉक्टरीणबाईंनी वरच्या वॉर्डाला फोन लावला आणि नाव बदलून सांगितलं. पलीकडच्याने बहुधा दोन्ही नावं पुन्हा विचारली, कारण त्यांनी ती पुन्हा, हळू सांगितली. जे वगळायचं ते आधी, जे घ्यायचं ते नंतर.

६

भेटीच्या वेळेला ती वॉर्डात गेली. ट्रकवाल्याच्या बायकोला बातमी कळली होती. ती खिडकीपाशी नवऱ्याचा उजवा हात धरून उभी होती. दुसऱ्या हातात सुई होती, दोरा ओवलेला. शर्ट खाली पडला होता, तो तिने उचलला नव्हता.

"ताई, यांचाच हात? आधीपासून?"

"आधीपासून."

"आणि मला रोज नोंद नाही."

"माझी चूक होती. पट्टी चांगली होती."

बाईने सुई शर्टात खुपसायला खाली पाहिलं, शर्ट हातात नव्हता, म्हणून पदरात खुपसली. "मी मागची इमारत बघून आले होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खिडकीजवळची खाट मिळेल का, ते विचारून आले होते. नाही म्हणाले. म्हटलं, असू दे, यांना कुठे कळतंय." मग म्हणाली, "असू दे म्हटलं होतं मी."

बाईने नवऱ्याचा हात उलटा करून तळवा पाहिला, मग पुन्हा सुलटा केला. मग तिची नजर पाच नंबरकडे गेली आणि तिने चटकन पाठ वळवली.

आई खाटेवर बसली होती. भिंतीला लावलेलं स्टूल रिकामं होतं. तिने ते ओढून घेतलं आणि आईसमोर बसून सांगितलं. भावाला सांगितलं त्या क्रमाने नाही. आधी शेवट सांगितला.

"म्हणजे यांचा नव्हे," आई म्हणाली.

"नाही."

"एकदाही?"

"सगळ्या रात्री बघितल्या."

आईने वडिलांच्या मुठीतून चेंडू काढला. बोटं होती तशीच वाकलेली राहिली. चेंडू पदराला पुसून तिने मांडीवर ठेवला. मग वर जायचं नाही, असं म्हणाली. विचारल्यासारखं नाही. नाही, ती म्हणाली. आईने सहा नंबरकडे बघून घेतलं, पाठमोऱ्या बाईकडे, आणि थर्मास तिच्याकडे सरकवायला हात पुढे केला, पण तेवढ्या लांब तो पोचला नाही. राहू दिला.

"यांच्या कागदावर काहीच नाही का गं मग? कोरा?"

"रात्री काही नाही. संध्याकाळी आहे. संध्याकाळी दाब वाढतो. रोज. ती तू."

आई ताडकन उठली, वर्गात उभी करावी तशी. चेंडू मांडीवरून पडला आणि चार नंबरच्या मोकळ्या जागेत घरंगळत गेला. दाराच्या पाटीकडे बघत ती म्हणाली, बसायचं नसतं, माहीत आहे मला, पण स्टुलावरून यांच्या पायांपर्यंत हात पुरत नाही. तिने रागावावं म्हणून आई वाट बघत होती.

"आकडे बिघडतात का त्याने?"

"नाही बिघडत."

"मग बसू?"

"बस."

आई बसली. आधी टेकली, मग नीट बसली, आणि वडिलांचा पाय मांडीवर घेतला. ती चेंडू आणायला गेली. तो भिंतीवरच्या चारच्या खाली जाऊन थांबला होता. आणून तिने तो उशीजवळ ठेवला. स्टूल पुन्हा भिंतीला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात तिने खाट पाचचा रकाना नावाने मागितला. रात्र सरळ होती. तिने त्याआधीची संध्याकाळ उघडली. भेटीच्या वेळी दाब वाढला होता. थोड्या वेळाने, तिथूनच, आणखी एकदा वाढला होता. ती आईशेजारी बसली, तेव्हा.